अठ्ठेचाळीस मीटर

मे महिना अर्धा सरला तरी जर्मनीतल्या हिंटरआउ गावावर पाण्याचा थेंब पडला नव्हता. ढग यायचे, बार्थलच्या रानावर येऊन थांबायचे, खाली बघायचे आणि रेगेन्सबर्गच्या अंगाला निघून जायचे. बार्थल हात उंचावून त्यांना काहीतरी सुनवायचा. ते तिकडच्या बायरिश बोलीत असल्यामुळं देवश्रीला कळायचं नाही, पण हातावरून अंदाज यायचा.

बार्थलचं रान हॉप्सचं. बिअरला कडूपणा आणणारी ती वेल. सात मीटर उंच खांब, वर तारांचं जाळं, आणि रोपारोपापाशी वरून सोडलेल्या बारीक तारा. एप्रिल-मेमध्ये प्रत्येक तारेला तीन-तीन कोंब हातानं गुंडाळून द्यायचे. तेही घड्याळाच्या दिशेनं. उलटे गुंडाळले तर वेल रुसते, स्वतःला सोडवून घेते आणि सकाळी जमिनीवर पडलेली सापडते. देवश्रीच्या सासूबाईंनी, सुलेखाबाईंनी, हे पहिल्याच दिवशी ओळखलं. "अगं, प्रदक्षिणाच आहे ही," त्या म्हणाल्या. मुलाकडं तीन महिने आराम करायला आलेली ती बाई दुसऱ्या दिवसापासून डोक्याला रुमाल बांधून सरीत जाऊन बसायला लागली. यंदा हंगामी मजूर निम्मेच आले होते. बार्थलला सुलेखाबाईंची भाषा येत नव्हती आणि त्यांना बार्थलची. दोघांचं अगदी छान जमलं.

सबनीसांचं घर म्हणजे बार्थलच्याच घराचा वरचा मजला. देवश्रीचा नवरा शिरीष वरच्या खोलीत बसून रेगेन्सबर्गच्या एका कंपनीचं सॉफ्टवेअर तपासायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून त्याचा कोटा संपत असल्यामुळं संध्याकाळी घरात त्याला एकही चूक दिसायची नाही. देवश्री त्याला या गुणासाठी मानायची. ती स्वतः गावाच्या दुसऱ्या टोकाला, पंपांच्या कंपनीत इंजिनिअर होती.

पूर्वी तिथं गाईंचा गोठा होता. आता बारा माणसं बसून सौर पंप बनवायची. पंप बव्हेरियात कुणी घेत नसे. ते आफ्रिकेत जायचे. मालक हेर, म्हणजे श्रीयुत, आइखिंगर ते प्रत्येक भाषणात सांगायचे आणि सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. आता फ्रांकफुर्टचा एक गुंतवणूक फंड मलावी देशातल्या दोन हजार पंपांसाठी पैसा घालणार होता. त्या दोन हजार पंपांमागे देवश्रीची तीन वर्षं होती.

ती चार वेळा तिकडं जाऊन आली होती. कसुंगू जिल्ह्यातल्या एका गावात एनेलेस नावाच्या बाईच्या घरी राहिली होती. तिथल्या बायकांनी तिला आधी कुदळ धरायला लावली, मग आपल्यात बसू दिलं, आणि मग सांगितलं की तुमचा पंप बिनकामाचा आहे. ऊन वर चढल्यावर तो चालू होतो; तोवर आम्ही पाणी शेंदून, रानात जाऊन, अर्धी सरी उकरलेली असते. आम्हाला पाणी उजाडताना पाहिजे. देवश्रीनं परत येऊन दीड वर्ष खपून नवा कंट्रोलर केला, म्हणजे पंपाला किती जोरानं चालायचं ते सांगणारी पेटी. कोवळ्या उन्हात, ढगाखाली, तिचा पंप हळू चालायचा, करंगळीएवढी धार द्यायचा, पण द्यायचा. थांबायचा नाही.

आइखिंगरनी शब्द दिला होता: पैसा आला की मलावीचं काम तुमच्याकडं, फ्राउ सबनीस. वर्षातले आठ महिने तिथंच राहायचं. घरात सगळं ठरलं होतं. शिरीषनं तिथल्या इंटरनेटची चौकशी केली होती. सासूबाईंनी तिथं ज्वारी मिळते का ते विचारून घेतलं होतं. मिळत होती.

एप्रिलच्या शेवटच्या सोमवारी मीटिंगमध्ये भिंतीवर एक चौकट उमटली: मलावी प्रकल्पप्रमुख, फ्लोरियान. फ्लोरियान म्हणजे आइखिंगरांचा जावई.

"फ्लोरियानला तो खंड माहीत आहे," आइखिंगर म्हणाले.

फ्लोरियान मधुचंद्राला झांझिबारला गेला होता. नऊ दिवस. हॉटेलात दोन तलाव होते, असं त्यानंच सगळ्यांना सांगितलं होतं.

"आणि मी?" देवश्रीनं विचारलं.

"आल्झो... म्हणजे, तुम्ही तर आमचं काळीज आहात," आइखिंगर म्हणाले. "काळीज इथंच राहिलेलं बरं."

फ्लोरियाननं खुर्चीवर बसल्यापासून आठवड्यात दोन कामं केली. देवश्रीचा कंट्रोलर महाग पडतो म्हणून काढला आणि कॅटलॉगमधला स्वस्तातला बसवला. आणि रंगीत पुस्तिका छापून घेतली. मुखपृष्ठावर 'शाश्वत आफ्रिका' असं लिहून खाली डोक्यावर घागर घेतलेल्या बाईचा फोटो होता. बाई नऊवारीत होती. जत तालुक्यातल्या दुष्काळात देवश्रीनंच कॉलेजात असताना काढलेला तो फोटो. कंपनीच्या कंप्युटरवर कुठंतरी पडून होता. तिनं पुस्तिका चाळली, मिटली आणि "छान झालीय" म्हणाली.

मनात मात्र तिनं त्या दिवसापासून फ्लोरियानला पुरायला घेतलं. कुठं आणि कसं, एवढंच ठरायचं होतं.

मेच्या मध्यावर ईमेल आला. तेवीस तारखेला फंडाची माणसं बार्थलच्या रानातला नमुन्याचा पंप बघायला येणार. सोबत मलावीच्या पाणीखात्याच्या इंजिनिअर बाई. कामांची वाटणी खाली दिली होती. देवश्रीच्या नावापुढं लिहिलं होतं: समोसे, शंभर. शेवटी हसरा चेहरा.

तिनं तो ईमेल जेवताना वाचून दाखवला. शिरीषचा घास तसाच राहिला.

"हे इंजिनिअरला सांगतात?"

"सांगितलं ना."

"शंभर?" सासूबाई म्हणाल्या. "मग वाटाणे आजच आणायला हवेत. मिरची किती घालू? म्हणजे, त्या जावयासाठी वेगळा घाणा काढते मी. एकदा खाल्ला की बोलायचा नाही."

"नाही, आई. समोसे एक नंबर झाले पाहिजेत."

"का गं?"

"समोशाला नाव ठेवता येईल असं काही करायचं नाही. सांगतील ते सगळं करायचं. तंतोतंत."

सासूबाईंनी सुनेकडं नीट बघितलं. चाळीस वर्षं त्यांनी सांगलीच्या एका शाळेत हेडमास्तरांच्या हाताखाली काढली होती.

"हां," त्या म्हणाल्या. "ते बरं."

दोन दिवसांनी फ्लोरियान रानात आला. पांढरे बूट घालून आला आणि सरीच्या तोंडाशीच थांबला. देवश्री पंपापाशी उकिडवी बसून पाइपाचा जोड आवळत होती. वर ढग होता. स्वस्तातला कंट्रोलर तांबडा दिवा लावून गप्प बसला होता. हॉप्सची खालची पानं कडेनं करपायला लागली होती.

"थांबला?" फ्लोरियाननं विचारलं.

"ढग आहे."

"तेवीसला ढग असला तर?"

"तर थांबेल."

त्यानं मान खाजवली. "मी विचार करत होतो, एक केबल टाकून ठेवू. बार्थलच्या खळ्यातून. घरची वीज. कंट्रोलरला तशी सोय आहेच, ऊन गेलं की आपोआप विजेवर जातो. केवळ सुरक्षेसाठी."

"आणि पाहुण्यांना काय सांगायचं?"

"काहीच नाही. विचारलं तरच सांगायचं. आणि कुणी विचारत नाही." तो आजूबाजूला बघत खालच्या आवाजात म्हणाला, "बाहेरचा कंत्राटदार नको. तुम्ही कराल? तुमच्याकडं शेतीच असते ना सगळ्यांची?"

देवश्रीचे वडील सांगलीत बँकेत होते. घरात कुंडीतली तुळस सोडली तर शेती नव्हती. वीस वर्षांपूर्वी तिनं हे समजावून सांगितलं असतं.

"करते की," ती म्हणाली. "लेखी द्या."

"ईमेल टाकतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर. ईमेल चालेल."

बार्थलचं खळं म्हणजे चार भिंतींचं कोठार; तिथून पंपापर्यंत अंतर अठ्ठेचाळीस मीटर. बार्थलनं ट्रॅक्टरला नांगर जोडून पहिला चर ओढून दिला, एक हात खोल. पुढचं हातानं. जमीन वाळून विटेसारखी झालेली. फावड्याची कड बसायची आणि हात कोपरापर्यंत झिणझिणायचा. शिरीष सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास यायचा. मधल्या वेळात कानात हेडफोन घालून मीटिंगला "येस, आय अग्री" म्हणत खणायचा. एकदा त्यानं कॅमेरा चुकून चालू ठेवला. पलीकडच्या आठ जणांनी तो मातीत कमरेतून वाकलेला बघितला आणि कुणी काही विचारलं नाही. जर्मनीत माणसाच्या खासगी आयुष्याला फार मान आहे.

पहिल्या दिवशी देवश्रीच्या तळहाताला तीन फोड आले. दुसऱ्या दिवशी ते फुटले. तिनं चिकटपट्टी लावली, वर शिरीषचे मोजे चढवले आणि खणत राहिली. सासूबाई शेजारच्या सरीत प्रदक्षिणा घालत होत्या.

फ्लोरियान दुपारी डोकावला. "अहो, एवढं खोल कशाला? वीतभर पुरे."

"नियम साठ सेंटिमीटरचा आहे," देवश्री मान वर न करता म्हणाली. "मी नियमाबाहेर केलं तर सही कोण करणार? तुम्ही?"

फ्लोरियान सही करणारा माणूस नव्हता. तो निघून गेला.

तिसऱ्या दिवशी केबल चरात उतरली, वर वाळू, वर पिवळी धोक्याची फीत, वर माती. संध्याकाळी देवश्री हात धुऊन खाली बार्थलच्या स्वयंपाकघरात गेली. बार्थल वर्तमानपत्रावर बटाटे सोलत बसला होता.

"हेर बार्थल, पंप बसवायला कंपनीनं तुमच्याशी परवानगीचा कागद केला होता ना?"

"केला होता. आइखिंगरनं सही केली. वाचला नाही."

"त्यात जमिनीखालच्या गोष्टींचं काय आहे?"

बार्थलनं सुरी खाली ठेवली. कपाटातून फाइल काढली, चष्मा लावला. त्याच्या बापानं एकोणीसशे सत्तरमध्ये नांगरानं टेलिफोनची तार तोडली होती आणि गाव तीन दिवस मुकं झालं होतं; तेव्हापासून या घरात जमिनीखाली गेलेली वस्तू वर दिसली पाहिजे असा कायदा होता. तो त्यानं प्रत्येक कागदात घातला होता.

"कलम सात," त्यानं वाचलं. "माझ्या रानात पुरलेल्या प्रत्येक केबलीवर दर पाच मीटरला झेंडा. तांबडा-पिवळा. छातीइतका उंच. त्यावर काय पुरलंय, कुठून कुठं जातंय, हे वाचता येईल अशा अक्षरात. पीक निघेपर्यंत कुणी हलवायचा नाही."

"कुणी म्हणजे?"

"कुणी म्हणजे कुणी. मी पण नाही."

"झेंडे नाही लावले तर?"

"तर केबल बाहेर."

"म्हणजे लावायलाच पाहिजेत," देवश्री म्हणाली.

बार्थलनं चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. त्याला केबल कशासाठी आहे ते माहीत होतं. दोन आठवडे तो तांबड्या दिव्याच्या पंपाकडं आणि करपणाऱ्या पानांकडं बघत होता.

"लावायलाच पाहिजेत," तो म्हणाला. "काठ्या खळ्यात आहेत."

तेवीस तारखेला ढग आला. चांगला, करडा, गच्च ढग. पाऊस देणार नाही हे शपथेवर सांगणारा. पहाटेपासून सासूबाई समोसे तळत होत्या. साडेदहाला देवश्री मोठं ताट घेऊन रानाच्या कडेला उभी राहिली. तिनं इस्त्रीचा कुर्ता घातला होता. हाताला चिकटपट्ट्या होत्या.

आइखिंगर पाहुण्यांना घेऊन आले. फ्रांकफुर्टचे दोन जण, सारख्याच उंचीचे, सारखाच निळा कोट. आणि मलावीच्या इंजिनिअर चिर्वाबाई. पन्नाशीच्या, जाड तळाचे बूट, खांद्यावर रंगीत कापड. त्यांनी आल्या आल्या खाली वाकून माती चिमटीत घेतली, चोळली आणि टाकली.

पंप धो धो चालला होता. मनगटाएवढी धार हौदात पडत होती. फ्लोरियान समोर उभा राहून बोलायला लागला. शाश्वत विकास, स्वच्छ ऊर्जा, खंडाचं भविष्य. "बघा," तो म्हणाला, "आकाश ढगाळ असूनही!"

निळ्या कोटांनी टाळ्या वाजवल्या. एकानं समोसा घेतला. "झामोझा! वंडरबार!"

चिर्वाबाईंनी टाळी वाजवली नाही. त्या झेंड्यांकडं बघत होत्या. पंपापासून खळ्यापर्यंत, हॉप्सच्या हिरव्या सरीतून, लग्नाचा मांडव असावा तसे झेंडे ओळीनं गेले होते.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

फ्लोरियाननं तेव्हा पहिल्यांदा झेंडे पाहिले. तो सकाळी पलीकडच्या बाजूनं सरळ पंपापाशी आला होता आणि झेंड्यांकडं पाठ करून उभा होता. त्याच्या मानेवर तांबूस डाग उठले.

"ते... शेतकऱ्याचं काहीतरी."

चिर्वाबाई पहिल्या झेंड्यापाशी गेल्या. देवश्रीनं जर्मन आणि इंग्रजी दोन्हीत लिहिलं होतं, कारण वाचता येईल अशा अक्षरात असं कलम होतं आणि वाचणारा कोण ते लिहिलेलं नव्हतं. बाईंनी मोठ्यानं वाचलं: "वीजवाहक केबल. बार्थलच्या खळ्यातून सौर पंपाकडे."

त्या दुसऱ्या झेंड्यापाशी गेल्या. तिथंही तेच होतं. त्यांनी तेही वाचलं. तिसराही. मंडळी त्यांच्यामागं ओळीनं चालायला लागली. निळे कोट, आइखिंगर, सगळ्यांत शेवटी फ्लोरियान, त्याच्या पांढऱ्या बुटांवर हौदातून सांडलेलं पाणी. देवश्री ताट घेऊन बाजूनं चालत होती. सहाव्या झेंड्यापाशी आइखिंगर तिच्या कानाशी येऊन फुसफुसले, "हे काय केलंत तुम्ही?"

"नियमाप्रमाणं केलं," ती म्हणाली. "कलम सात. तुमची सही आहे. समोसा?"

आइखिंगरनी समोसा घेतला. हातात धरून तसेच चालत राहिले.

दहाव्या झेंड्यानंतर खळं आलं. दारात बार्थल हाताची घडी घालून उभा होता. आत भिंतीवर मोठा तांबडा सॉकेट, त्यात खुपसलेला प्लग.

"हा काढला तर काय होईल?" चिर्वाबाईंनी विचारलं.

फ्लोरियान सॉकेटच्या पुढं जाऊन उभा राहिला. "तो कुणीही काढू शकत नाही! पंप चालू असताना केवळ पात्रताधारक व्यक्ती. सुरक्षेचा नियम आहे."

"बरोबर आहे," बार्थल म्हणाला. "नियम आहे."

"मग पात्रताधारक कोण आहे इथं?" चिर्वाबाई म्हणाल्या.

कोंबडी एकदा ओरडली. सगळ्यांना माहीत होतं. निळ्या कोटांना माहीत नव्हतं, पण तेही सगळे बघत होते तिकडंच बघायला लागले.

"मी आहे," देवश्री म्हणाली. "पण मी आज फक्त समोशांपुरती आहे. लेखी आहे."

"फ्राउ सबनीस," आइखिंगर दातांतून म्हणाले, "काढा तो प्लग."

"कोण म्हणून काढू?"

"म्हणजे?"

"स्वयंपाकीण म्हणून काढला तर नियम मोडेल."

आइखिंगरांच्या कपाळावरून घाम निघाला आणि भुवईत थांबला. "इंजिनिअर म्हणून."

"कुठली इंजिनिअर? फंडाच्या लोकांना कळू दे."

"ज्यांनी... ज्यांनी या पंपाचा मूळ कंट्रोलर बनवला त्या," ते म्हणाले.

"लेखी?"

बार्थलनं खिशातून बिअरच्या ग्लासाखाली ठेवायचा पुठ्ठ्याचा चौकोन काढला आणि पेन्सिल दिली. आइखिंगरनी हातातला समोसा कुठं ठेवावा म्हणून इकडंतिकडं बघितलं. कुणी घेतला नाही. शेवटी तो त्यांनी कोटाच्या खिशात घातला, भिंतीवर पुठ्ठा टेकवला आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं. सही केली. तारीख टाकली. मग देवश्रीनं ताट फ्लोरियानच्या हातात दिलं, चिकटपट्ट्या लावलेल्या हातानं प्लग धरला आणि ओढला.

अठ्ठेचाळीस मीटरवर पाण्याचा आवाज थांबला. इतका वेळ आवाज होता हे तेव्हा कळलं. हॉप्सची पानं वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती, तेवढंच ऐकू येत होतं.

देवश्रीला वाटलं होतं या क्षणी छातीत काहीतरी मोठं फुलेल. फुललंही. फ्लोरियान ताट धरून उभा होता, कान तांबडे, आणि एक निळा कोट त्याच्या ताटातून सवयीनं समोसा उचलत होता. हे ती पुढची वीस वर्षं आठवून हसणार होती.

चिर्वाबाई उलट्या गव्हाणीवर बसल्या. "मूळ कंट्रोलर कुठं आहे?"

"कंपनीत. फळीवर."

"किती वेळ लागेल बसवायला?"

"चाळीस मिनिटं."

"बसवा."

तिनं बसवला. गुडघे मातीत टेकून, घामानं केस कपाळाला चिकटलेले. करड्या ढगाखाली पंप कुरकुरला, थांबतो की काय असं वाटलं, आणि करंगळीएवढी धार हौदात पडायला लागली. निळे कोट जरा हिरमुसले; मघाची धार बघायला जास्त चांगली होती. चिर्वाबाईंनी धारेखाली हात धरला आणि बराच वेळ काढला नाही.

"हे चालेल," त्या म्हणाल्या. "पैशाला मी हो म्हणेन. याच पेटीसह. आणि माझी एक अट आहे. तुमच्याकडचे लोक पंप लावतात, फोटो काढतात आणि विमानात बसतात. या वेळी तुमचा प्रकल्पप्रमुख पहिल्या पंपापाशी राहील. त्याच गावात. अख्खा कोरडा हंगाम, आठ महिने. तेच पाणी पिऊन. कोण आहे प्रमुख?"

फ्लोरियानच्या हातातलं ताट कलायला लागलं. आइखिंगर चटकन पुढं झाले.

"फ्राउ सबनीस!" ते म्हणाले. "म्हणजे, आत्ताच ठरलं. फ्राउ सबनीस प्रमुख. नाही का?"

सगळे तिच्याकडं वळले. शिरीष वरच्या खिडकीत हेडफोन गळ्यात अडकवून उभा होता. सासूबाई सरीतून उठून आल्या होत्या. एनेलेसचं घर, उजाडताना विहिरीवरची रांग, तीन वर्षं, सगळं एका 'हो'च्या अंतरावर येऊन उभं राहिलं होतं.

देवश्रीनं फ्लोरियानकडं बघितलं. तो घाबरला होता. आणि त्या भीतीच्या खाली, सुटल्याचा आनंद हळूहळू वर येत होता. ओठांच्या कडा सैल पडत होत्या. त्याला वाटत होतं, सुटलो.

तो आनंद तिला बघवला नाही.

"नाही," ती म्हणाली. "प्रमुख हेर फ्लोरियान आहेत. एप्रिलमध्येच ठरलंय. लेखी आहे."

"गेनाऊ," बार्थल म्हणाला.

चिर्वाबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, वही उघडली आणि फ्लोरियानचं नाव लिहून घेतलं.

पाहुणे गेले. सासूबाईंनी रिकामं ताट उचललं. "बाकी झकास केलंस हो," त्या म्हणाल्या. मग जिन्याच्या पायरीवर थांबून, पाठ तशीच ठेवून म्हणाल्या, "तुला जायचं होतं ना?"

"हो, आई."

"मग आता?"

"आता तो जाईल."

सासूबाईंनी ताट पायरीवर ठेवलं. त्यांनी तिच्या हाताच्या चिकटपट्ट्या सोडवल्या आणि हळद लावली. ती फार झोंबली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, फ्लोरियान वर आला. पहिल्यांदाच. बूट दाराबाहेर काढून, वही घेऊन, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. त्याला ताक दिलं, ते तो औषधासारखं प्याला.

"मला काहीच माहीत नाही तिथलं," तो म्हणाला. "सांगाल?"

देवश्री सांगायला लागली. आधी तुटक, मग सलग. पांढरे बूट नेऊ नका. मच्छरदाणी इथून न्या, चौकोनी, गोल नको. गावात शिरल्यावर आधी मुखियाकडं जायचं, पंपाकडं नाही. त्यांचा मक्याचा जाड गोळा हातानं खायचा, चमचा मागायचा नाही. एनेलेसचं घर आंब्याच्या झाडापलीकडचं. तिच्या अंगणात डावीकडं झोपायला जागा, उजवीकडं कोंबड्या. तिला साखर न्या. कुणी कुदळ हातात दिली तर घ्यायची. उजाडायच्या आधी विहिरीवर जाऊन उभं राहायचं, तेव्हा धुकं असतं आणि बायका दिसायच्या आधी त्यांचं हसणं ऐकू येतं.

फ्लोरियान भराभर लिहून घेत होता. एनेलेसचं नाव त्यानं चुकीचं लिहिलं. तिनं वही ओढून स्वतः नीट लिहून दिलं. दीड तास ती सांगत होती. तीन वर्षं मनात भरून ठेवलेली बॅग ती एकेक वस्तू काढून त्याच्या हातात देत होती, आणि तो आभार मानत प्रत्येक वस्तूला "डांके" म्हणत होता. शिरीष दारात येऊन उभा राहिला आणि परत गेला.

"अजून काही?" फ्लोरियाननं पेन उचलून विचारलं.

तिथल्या बायका फार आठवण ठेवणाऱ्या. पहिल्या दिवशी त्या त्याच्याभोवती जमतील, आणि मग आठ महिने रोज सकाळी, घागर खाली ठेवायच्या आधी, त्यांच्यातली प्रत्येक जण त्याला एकच विचारेल: ती कुठंय? ती का नाही आली?

"नाही," देवश्री म्हणाली. "एवढंच."